आमचा दोनशेपासष्ट

दिवाळीला गावी गेलो की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. चहा घ्यायचा, गोठ्याकडे एक चक्कर मारायची, कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बघायचं आणि म्हणायचं, "दादा, विकून टाक आता हे भंगार." दादा नुसता हसायचा. वहिनी मात्र आतून ओरडायची, "मग वैरण तुमच्या गाडीच्या डिकीत आणायची का, भाऊजी?" असं किमान सात-आठ दिवाळ्या चाललं.

हे भंगार म्हणजे महिंद्राचा 265 डीआय. गावात त्याला सगळे 'दोनशेपासष्ट'च म्हणतात. 1991 साली आबांनी घेतला. तीन सिलिंडर, तीस हॉर्सपॉवर, रंग मूळचा लाल. आता बोनेटवर लाल कमी आणि पत्रा जास्त दिसतो. तासाचं मीटर कधी बंद पडलं ते कुणालाच आठवत नाही, त्यामुळे तो एकूण किती चालला हे कळायला मार्ग नाही.

गाव कुंभार पिंपळगाव. पुण्यात सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "पिंपळगाव बसवंत का?" नाही हो, ते नाशिककडचं, द्राक्षांचं. आमचं जालना जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. रामदास स्वामींचं जांब समर्थ आमच्या जवळच. एवढं सांगितलं की मग लोक "अच्छा अच्छा" म्हणतात. काळी माती, ऊस, कापूस, आणि ज्या वर्षी जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटतं त्या वर्षी गावात जरा बरे चेहरे दिसतात.

ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी शाळेत होतो. भूविकास बँकेचं कर्ज, सात-बारावर बोजा आणि घरात आजीची रडारड. सात-बारावर काही चढवायचं म्हणजे तिच्या लेखी जमीन गेल्यातच जमा होती. गावातले जुने लोक त्याला बराच काळ 'इंटरनॅशनल'च म्हणायचे, आणि मला वाटायचं की हा परदेशातून आलाय! त्यामागची गोष्ट फार पुढे कळली. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर अशा तिघांनी मिळून 1963 साली एक कंपनी काढली होती. 1965 पासून त्यांचा बी-275 नावाचा ट्रॅक्टर चक्क मुंबईत, कांदिवलीला, बनायला लागला. 1977 मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते राहिलंच. लोकलमधून कांदिवली स्टेशन गेलं की मला अजूनही उगाच आमचा गोठा आठवतो.

घेतला तेव्हा दूध हा विषयच नव्हता. आमच्याकडे मोसंबी होती. जालना जिल्हा मोसंबीचा आणि आमची बाग बरी म्हणावी अशी. ट्रॅक्टर आमचं काम उरकायचा आणि मग दादा तो भाड्याने नांगरटीला न्यायचा. दादाने बारावीनंतर शाळा सोडली आणि स्टेअरिंग धरलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत होस्टेलची फी, मेस, पुस्तकं हे सगळं त्या भाड्यातून आलं. हे मला तेव्हाही माहीत होतं. फक्त 'भंगार' म्हणताना आठवायचं नाही, इतकंच.

मग 2012 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो जालन्यात पाहिला त्यांना सांगायला नको. विहिरीने तळ दाखवला. दादाने टँकर जोडून पाच-पाच हजार लिटर पाणी दुरून आणून झाडांना घातलं. दिवसाला दोन-तीन खेपा, तीन-साडेतीन महिने. झाडं नाही वाचली. 2013 च्या पावसाळ्यानंतर वाळलेली झाडं काढायची होती. जेसीबीला द्यायला पैसे नव्हते, म्हणून दादाने बुंध्याला साखळी बांधून ट्रॅक्टरनेच एकेक झाड उपटलं. ज्या ट्रॅक्टरने पाणी घातलं त्यानेच. आबा ते तीन दिवस शेताकडे फिरकले नाहीत.

पुढच्या वर्षी दादाने दोन होल्स्टीन संकरित गाई आणल्या. आज लहान-मोठी मिळून अठरा जनावरं आहेत. आणि 1991 चा ट्रॅक्टर, जो एव्हाना आराम करायच्या वयाला आला होता, तो खऱ्या अर्थाने कामाला लागला.

आता मुद्द्यावर येतो.

डिसेंबर 2023 मध्ये वहिनीचा फोन आला. दादा ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि सरळच होईना. मणक्यातली गादी सरकलेली. डॉक्टरांनी ऑपरेशन तूर्त टाळलं, पण तीन महिने ट्रॅक्टर बंद, वजन उचलणं बंद, वाकणं बंद. आमचा सालगडी पाडव्यालाच सोडून गेला होता, नवीन मिळाला नव्हता. पुतण्या बारावीला. माझं काम घरून चालतं. बायको म्हणाली, "जा तू. तसंही तू वर्षानुवर्षं सल्ले देतोयस, जरा चालवून बघ." (तिचा टोमणा मला रांजणगाव आल्यावर कळला.)

पहिल्या सकाळीच फजिती. पाच वाजता, थंडी चांगलीच. किल्ली फिरवली, नुसतं 'टक' झालं. दादा खाटेवरून म्हणाला, "सेल मारायचा नसतो रे त्याला सकाळी. उतारावर कामून लावलाय मग?" तेव्हा लक्षात आलं की ट्रॅक्टर रोज रात्री उकिरड्याकडच्या उतारावर तोंड करून का उभा असतो. वरचा गिअर टाकायचा, क्लच दाबून ब्रेक सोडायचा, आपल्या वजनाने तो पाच-सहा फूट घरंगळला की क्लच सोडायचा. एक हिसका बसतो, काळा धूर निघतो आणि सुरू. नाही झाला तर? तर उतार संपतो आणि समोर उकिरडा असतो. तिसऱ्या दिवशी मी तोही अनुभव घेतला.

शेतीचा ट्रॅक्टर आणि दुधाचा ट्रॅक्टर यात काय फरक असतो ते मला पहिल्या आठवड्यात समजलं. शेतीच्या ट्रॅक्टरला हंगाम असतो. नांगरट, पाळ्या, पेरणी, थोडी वाहतूक, मग महिनोन्महिने उभा. त्या दिवसांत त्याची डागडुजी होते, मिस्त्रीला वेळ असतो. दुधाच्या ट्रॅक्टरला असं काही नाही. गाय रोज खाते, रोज शेण टाकते, रोज दोन वेळा दूध देते. अठरा जनावरांना रोज साधारण चार क्विंटल हिरवा चारा लागतो. तो कापायचा, ट्रॉलीत भरायचा, आणायचा आणि कुट्टी करायची. आमची कुट्टी मशीन ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालते, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर.

"विजेवर का नाही?" हा माझाही प्रश्न होता. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, पाळीपाळीने. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटारीला वीज येते ती गाई झोपल्यावर. म्हणून ट्रॅक्टर. शिवाय शेणाची ट्रॉली, सरकी पेंडेची पोती, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, पावसाळ्यात दुधाची पिकअप चिखलात रुतली की तिला ओढून काढणं. मी वहीत मांडलं तर रोजचे अडीच-तीन तास भरले. वर्षाला हजार तास! अडीचशे तासांनी ऑईल बदलायचं म्हटलं तर दर तीन महिन्यांनी बदलायला हवं. दादा कधी बदलायचा? "काळं झालं की." ऑईल डिझेल इंजिनात दुसऱ्या दिवशीच काळं होतं, असं मी म्हणालो. त्यावर दादाने कूस बदलली. बदलता आली एवढी सुधारणा होती, म्हणून मी वाद वाढवला नाही.

सकाळची कुट्टी आणि माझी साडेनऊची मीटिंग यांचं कधी जमलं नाही. ओट्यावर लॅपटॉप, मागे तीन सिलिंडरचा ठेका. म्यूट करायला विसरलो की बंगळुरूहून कुणीतरी विचारायचं, "आर यू इन अ फॅक्टरी?" हो रे बाबा, दुधाच्या :)

दूध त्या महिन्यात दीडशे लिटरच्या आसपास होतं आणि भाव सत्तावीस. जुलै 2023 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला किमान 34 रुपये दर ठरवून दिला होता, पण डिसेंबरपर्यंत ठिकठिकाणी तो पंचवीस-सत्तावीसवर आला होता. जानेवारी 2024 मध्ये लिटरमागे पाच रुपये अनुदानाचा निर्णय झाला. त्यासाठी प्रत्येक गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर हवा. मी गव्हाणीत उभा राहून गाईंचे कान धरून मोबाईलमध्ये नंबर टिपत होतो आणि त्या मला चाटत होत्या. चार दिवस घरात माझी किंमत वाढली ती या एकाच कामामुळे.

दुधाचा भाव सांगायचं कारण असं, की एका लिटर डिझेलला तेव्हा साडेतीन लिटर दूध लागायचं. ट्रॅक्टर रोज पाच लिटर डिझेल प्यायचा. म्हणजे अकरा दुभत्या गाईंपैकी एकीचं दूध रोज ट्रॅक्टरच पीत होता. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाराव्वी गाय हाय ती आपली. वैरण तीच आणती."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात क्लच गेला.

आधी नुसता जळका वास यायचा. मग भरलेली ट्रॉली घेऊन ओढ्याच्या चढावर आलो की इंजिनचा आवाज चढायचा पण चाकं जागेवर. मिस्त्रीला बोलावलं. त्याने एक चक्कर मारली, उतरला आणि म्हणाला, "खोलावा लागतो." कारचा क्लच बदलताना गाडी लिफ्टवर चढवतात आणि आपण वेटिंगमध्ये कॉफी पितो. ट्रॅक्टरचं तसं नाही. ट्रॅक्टरला चासी नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचा भाग हे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले, आणि तोच त्याचा सांगाडा. क्लच गाठायचा तर ट्रॅक्टर मधोमध दोन तुकड्यांत वेगळा करावा लागतो. पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या, नाहीतर इंजिनाचा अर्धा भाग एका अंगावर कलंडतो. गिअरबॉक्सखाली जॅक लावला. कडुलिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधली. बोल्ट सुटले आणि दोघांनी मागचा अर्धा भाग हळूहळू ढकलत मागे नेला. आबा बाजेवरून बघत होते. एकदम म्हणाले, "नीट धरा रे, त्याला लागंल." मिस्त्री हसला नाही. मला ते आवडलं.

क्लचप्लेट घासून पार रिव्हिटपर्यंत आलेली. प्रेशर प्लेटही गेलेली, बेअरिंग खडखडत होतं. सामान जालन्याहून आणायचं म्हणजे दोन दिवस. आता हेच नांगरटीच्या ट्रॅक्टरचं झालं असतं तर दोन दिवस काय, पंधरा दिवस चाललं असतं. इथे संध्याकाळी पाच वाजता अठरा तोंडं गव्हाणीकडे वळलेली.

पहिल्या संध्याकाळी मी, वहिनी आणि पुतण्याने विळ्याने चारा कापून मोटारसायकलवर आणला. पाच खेपांत दीड क्विंटल जेमतेम. कुट्टी नाही, अख्ख्या कांड्या टाकल्या. गाईंनी पाला खाल्ला आणि कांड्या पायाखाली तुडवल्या. दुसऱ्या दिवशी ऊसतोडीवाल्यांकडून वाढे विकत घेतले. शेजारच्या काकांनी त्यांच्या नव्या ट्रॅक्टरने एक ट्रॉली आणून टाकली, डिझेलचे पैसे घेतले नाहीत. तरी दूध दोन दिवसांत पंचवीस लिटरने उतरलं आणि परत जागेवर यायला आठवडा लागला. दुरुस्तीचा खर्च चौदा हजार. उतरलेल्या दुधाचा त्याहून वेगळा. हा दुसरा आकडा माझ्या एक्सेलमध्ये नव्हता.

हो, एक्सेलचं सांगायचं राहिलंच. मी त्याआधीच पुण्यात बसून एक हिशेब केला होता, दादाला पटवायला. एका बाजूला जुना ट्रॅक्टर: वर्षाची दुरुस्ती, ऑईल, जास्तीचं डिझेल. दुसऱ्या बाजूला नवा: साडेसहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, बारा टक्के. वर्षाचा हप्ता पावणेदोन लाखांच्या घरात जातो. जुन्याची दुरुस्ती, अगदी वाईट वर्ष धरलं तरी, साठ-सत्तर हजार. म्हणजे माझ्याच हिशेबाने दादा बरोबर होता! मी तो कागद त्याला दाखवलाच नव्हता. तरीही दिवाळीला गेलो की 'विकून टाक' म्हणत राहिलो. आता विचार केला तर त्याचं कारण पैशाचं नव्हतंच. पुण्याहून येणाऱ्या मित्रांसमोर तो कडुलिंबाखाली उभा असलेला मला बरा वाटत नसे, एवढंच.

आता जे सांगणार आहे ते घरच्यांना आवडणार नाही, कारण नातेवाईक हे वाचतात. पण सांगतो.

क्लच बदलल्यावर दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळची कुट्टी चालू होती. थंडी होती म्हणून गळ्यात मफलर. मशीनच्या तोंडाशी कांड्या अडकल्या, मी त्या ओढायला वाकलो. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर मूळचं जे प्लास्टिकचं कव्हर असतं ते आमच्याकडे कधीच तुटून गेलेलं. मफलरचं टोक शाफ्टला लागलं. मला कळलं तेव्हा मफलर गळ्यातून निघूनही गेला होता. गाठ मारलेली नव्हती, नुसता एक वेढा होता, म्हणून. मानेला आडवा लाल वळ उठला होता, त्याची आग नंतर झाली. मी तसाच उभा. वहिनी पाटी टाकून धावली, तिने स्टॉपर ओढला. इंजिन बंद पडलं आणि शाफ्ट थांबला तेव्हा त्यावर माझा मफलर दोरीसारखा घट्ट पिळून गुंडाळलेला होता. कात्रीने कापून काढावा लागला.

वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांचा सदरा गेला होता असाच, 2017 ला. बाही गेली, हात वाचला. तुम्हाला सांगू नको म्हनले होते."

"का?"

"तुम्ही म्हनला असता, विकून टाका."

त्या रात्री मी जेवलो नाही. सहा वर्षं ती बाई रोज दोन वेळा त्या शाफ्टजवळ पदर खोचून पाटी घेऊन जात होती, आणि माझ्याकडे रंगाबद्दल तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन कव्हर आणलं. शाफ्टभोवती बसणारी प्लास्टिकची नळी आणि तिला अडकवायची साखळी. साखळी ट्रॅक्टरला अडकवली की नळी स्थिर राहते आणि शाफ्ट आत फिरतो. किंमत दोन हजारांच्या आत. बसवायला वीस मिनिटं. दादाने खाटेवरून विचारलं, "केवढ्याला पडलं?" मी सांगितलं. तो छताकडे बघत राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी मका मुरघासाला आला. दाणा दुधाळ होऊन चिकात भरला की पूर्ण ताट कापायचं, कुट्टी करायची, खड्ड्यात थर देऊन दाबायची आणि हवाबंद करून दीड महिना विसरून जायचं. पाऊस झाला नव्हता, उन्हाळा कठीण जाणार हे दिसत होतं, तेव्हा हा खड्डाच काय तो आधार. खड्ड्यात हवा राहिली की बुरशी, म्हणून प्रत्येक थरावर ट्रॅक्टर पुढे-मागे फिरवायचा. कापायला आणि कुट्टीला यंत्र भाड्याने आणलं होतं, दाबायला आमचा दोनशेपासष्ट. पहाटे सहापासून संध्याकाळपर्यंत मी त्याच्यावर. पुढे चार फूट, मागे चार फूट, मान वळवून, कंबर पिळून. सीट म्हणजे पत्र्यावर फाटका फोम आणि त्यावर पोतं. स्प्रिंग कधीच बसलेली.

चार वाजता मी खाली उतरलो आणि मलाही सरळ होता येईना.

इंजिनिअर माणूस, म्हणून रात्री पालथा पडून वाचत बसलो. बसलेल्या माणसाच्या कण्याला वर-खाली होणारी सेकंदाला चार ते आठ वेळांची थरथर सगळ्यात जास्त बाधते, आणि ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरवरून येणारे हेलकावे त्याच्या आसपासच असतात. पाठीच्या दुखण्याचा आणि ट्रॅक्टरच्या सीटचा संबंध जगभर अभ्यासलेला आहे. चांगल्या सीटला स्प्रिंगबरोबर एक डँपर असतो, स्कूटरच्या शॉकअपसारखा, तो हेच हेलकावे जिरवायला. माझ्या ऑफिसातल्या खुर्चीची पाठ चार दिशांना हलते आणि तिच्याबद्दल मी एकदा एचआरला मेल केला होता.

बत्तीस वर्षं. एका दिवसात माझी ही अवस्था.

सकाळी मी ती एक्सेल उघडली आणि दादाच्या खाटेवर बसलो. पहिल्यांदाच त्याला दाखवली. त्याने आकडे नीट वाचले. तो बारावी आहे, पण आकड्याला माझ्यापेक्षा पक्का. म्हणाला, "मग मी काय येगळं म्हनत होतो? जुनाच परवडतोय."

मी म्हणालो, "यात तुझी कंबर कुठं धरलीय दाखव."

"कंबरेचं काय धरायचं त्यात?"

"दवाखान्याचे एकतीस हजार झाले. मी तीन महिने इथं आहे. उद्या ऑपरेशन निघालं तर? हे जुन्या ट्रॅक्टरच्या खात्यात घाल, मग बघ परवडतो का."

तो गप्प बसला. मग जे बोलला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "नवा घेतला आसता तर हप्ता भरायला तेवढेच तास भाड्यानं हानला आसता ना. कंबर तवाबी गेलीच आसती, वरून कर्ज." आणि जरा थांबून, "सत्तावीसच्या दुधावर साडेसहा लाख. तूच सांग."

आबा बाजूला बसले होते, म्हणाले, "गोठा कमी करा." ते कुणालाच नको होतं. दादाच्या अकरा दुभत्या गाईंवर पुतण्याचं पुढचं शिक्षण उभं होतं, जसं माझं ट्रॅक्टरच्या भाड्यावर होतं. मी नव्या ट्रॅक्टरचे निम्मे पैसे देतो म्हणालो. दादा नाही म्हणाला, लगेच, आणि त्या स्वरात की पुन्हा विचारू नये. मी रागावून गोठ्यात गेलो. वहिनी धार काढत होती. तिने न बघताच सांगितलं, "पैसे देतो म्हनू नका, भाऊजी. वस्तू आणून ठेवा."

तर वस्तू आणून ठेवल्या. दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार असलेली छोटी कुट्टी मशीन, घरच्या मीटरवर चालते अशी. तिच्यामुळे सकाळची कुट्टी विजेवर गेली आणि ट्रॅक्टरचे रोजचे तास निम्म्यावर आले. संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मोटार नुसती गुणगुणते, तेव्हा पुन्हा दोनशेपासष्ट आहेच. नवी बॅटरी आणली आणि मिस्त्रीकडून सेल दुरुस्त करून घेतला. आणि एक सीट, स्प्रिंग आणि डँपरवाली, वजनाप्रमाणे घट्ट-सैल करता येणारी. ती बसवायला जुन्या पट्टीला नवीन भोकं पाडावी लागली. जुनी सीट काढली तर तिच्याखाली 1990 च्या दशकातलं चाराण्याचं नाणं सापडलं, ते आबांनी कनवटीला लावलं.

मार्चमध्ये दादाला डॉक्टरांनी परवानगी दिली. पट्टा बांधून, एका वेळी अर्धा तास, त्याहून जास्त नाही. त्या सकाळी मी उगाच लवकर उठलो. ट्रॅक्टर नेहमीप्रमाणे उतारावरच उभा होता, सेल दुरुस्त झाला तरी. दादा एक हात मडगार्डवर टेकवून सावकाश चढला. सीटवर बसला, दोनदा खालीवर झाला, तोंड वाकडं केलं. किल्ली फिरवली, पहिल्या सेलला सुरू. त्याचा विश्वासच बसेना, बंद करून पुन्हा फिरवली.

शेताला चक्कर मारून अर्ध्या तासाने परत आला. मी विचारलं, "कशी आहे सीट?"

"लई मऊ," दादा म्हणाला. "झोप येती तिच्यावर." आणि उतरल्यावर त्याने जुनं पोतं घडी करून परत तिच्यावर टाकलं.